भावोजींचे तळपाय

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला कामावर सगळे पाणसळ म्हणायचे. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती पट्टी, जिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो. बुडबुडा मधोमध थांबला की जमीन सपाट. भावोजी नव्या इमारतींतल्या फरशा मशीननं घासून सपाट करायचे. त्यांच्याकडे तशी पट्टी होती, पण ती पिशवीतच पडून असायची. फरशी घासून झाली की ते मशीन बंद करायचे, सगळं पाणी ओढून काढायला लावायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि डोळे मिटून अनवाणी त्या खोलीत चालायचे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग तिरके, मग परत. दोन फरशांच्या मध्ये कागदाएवढा उंचसखलपणा असला तरी थांबायचे, पायाच्या अंगठ्यानं ती जागा दाखवायचे आणि म्हणायचे, "हिला पुन्हा घ्या." मग ती जागा पुन्हा घासली जायची. मुकादमही त्यावर चकार शब्द काढत नसे.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून माझा आवाज असा झालाय की घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकतात. लग्न मी केलं नाही, आणि का नाही हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही. आई गेल्यावर ताई मला आपल्या घरी घेऊन आली, तेव्हापासून जिन्यावरच्या छोट्या खोलीत मी राहते. ताई-भावोजींना मूलबाळ नव्हतं. भावोजींना चेष्टा करायला घरात मीच होते, आणि मीही त्यांचं उधार ठेवत नसे.

घरातही ते अनवाणीच. कामावरून आले की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाता जाता सांगायचे, आज घर कोणी झाडलं ते. "आज मेहुणीबाईंचा हात फिरलाय वाटतं. टेबलाखाली वाळू तशीच आहे." मी म्हणायचे, "भावोजी, तुमचे पाय आहेत की पोलीस?" ताई भांडी घासता घासता हसायची. ताईला हसायला फार लागत नाही, भावोजी बोलले की पुरे.

कामावर रबरी बूट मिळायचे. फरशी घासताना जमिनीवर पाणी सोडतात, त्यात दगडाची भुकटी मिसळून पांढुरका रबडा होतो आणि दिवसभर त्यातच उभं राहावं लागतं. बाकीचे निमूटपणे बूट घालत. भावोजींचं एकच, "बूट घातले की पाय आंधळे होतात." त्या रबड्यानं त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या असायच्या. ताई रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं ते पाय धुवायची आणि तेल लावायची, आणि ते एखाद्या मोठ्या साहेबासारखे खुर्चीत रेलून तिला दिवसभरातल्या गमती सांगायचे.

त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरकडे तपासणीला जायचं असलं की आधीचा आठवडाभर ते एकदम शहाण्यासारखे वागायचे. गोळी वेळेवर, चहा बिनसाखरेचा, सिगारेट बंद. तपासणी झाली की स्वारी पुन्हा मूळपदावर. मी बोलायचे, भांडायचे. "मेहुणीबाई, तुम्ही बसमधल्या लोकांना पुढे सरकवा, मला राहू द्या आहे तिथं," असं म्हणून ते विषय संपवायचे. हसत बोलायचे, म्हणून कोणाला त्यांच्यावर नीट रागावताही यायचं नाही. मला तेच फार वाईट वाटतं. खेकसले असते तर मीही खेकसले असते, आणि त्या आवाजात काहीतरी झालं असतं.

मग त्यांच्या पायांची आग व्हायला लागली. पाय बादलीत बुडवून बसायचे, पांघरूण पायाला लागलं तरी सहन व्हायचं नाही. मुंग्या यायच्या. "तळपायाची आग मस्तकात जाऊ देऊ नका, तिथं आधीच काही कमी नाही," मी म्हणायचे. ताईनं कुठली कुठली मलमं आणली. काही महिने असे गेले आणि एक दिवस आग थांबली. हळूहळू कमी होत गेली असणार, पण भावोजींना ती थांबल्याचं एकदम जाणवलं. चहा पिता पिता म्हणाले, "अगं, पाय गप्प झाले माझे. मी म्हणत नव्हतो, आपोआप जातं?" ताईचा जीव भांड्यात पडला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे कोणी सांगितलंच नाही. दुखणं गेलं हे सांगायला डॉक्टरकडे कोण जातं?

त्यानंतर भावोजींच्या कामाला म्हणे तेज चढलं. फरशी पहिल्या फेरीतच काचेसारखी होऊ लागली. पूर्वी ते डोळे मिटून चालताना आठ-दहा जागी थांबायचे, आता कुठंच थांबेनात. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत जायचे आणि म्हणायचे, "झाली." मुकादम खूश, काम लवकर उरकायचं. भावोजी घरी येऊन सांगायचे, "एवढी वर्षं घासली, आता कुठं हात बसला बघ." मी त्यांना चिडवायचं सोडून चक्क कौतुक केलं. त्यांचा चेहरा तेव्हा इतका उजळलेला असायचा की ते आठवलं तरी मला आता कुठंतरी डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. अख्खं आयुष्य ज्या पायांवर काढलं ते पाय विझत चालले होते, आणि हा माणूस समजत होता की आपण कामात वर चढतोय.

बाजारात जाताना ते आता मधेमधे थांबायचे. थांबायचं एखाद्या दुकानाच्या काचेसमोर आणि आत बघत राहायचं. पोटऱ्या भरून यायच्या, पण ते कबूल करायचं नव्हतं. एकदा बायकांच्या कपड्यांच्या दुकानासमोर उभे होते, मी म्हटलं, "भावोजी, ताईला सांगू का?" ते म्हणाले, "सांग, तिलाच घ्यायचंय." आणि एवढ्यात पाय मोकळा झाल्यामुळे चालू लागले. चालायला लागलं की दुखतं आणि थांबलं की राहतं, म्हणजे पायात रक्त पोचत नाही, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तेव्हा आम्ही त्याला वय म्हणत होतो.

त्या दिवशी ताईला ताप होता आणि मला सुट्टी, म्हणून भावोजींचा डबा घेऊन मी कामावर गेले. नव्या वाचनालयाचा मोठा हॉल होता. फरशी घासून, पॉलिश करून झाली होती, दुसऱ्या दिवशी ताबा द्यायचा होता. भावोजी लांबूनच ओरडले, "चपला बाहेर!" मी चपला काढल्या आणि आत शिरले. चार पावलं गेले असेन नसेन, अंगठा कशाला तरी आपटला आणि डबा हातातून सुटता सुटता राहिला.

"सपाट जमिनीवर ठेच लागायला कंडक्टरच पाहिजे," भावोजी म्हणाले. सगळे हसले.

"सपाट कसली? काठ वर आलाय इथं."

"कुठं?"

मी जागा दाखवली. ते आले, डोळे मिटले, त्या जागेवरून चालत गेले, चालत परत आले. "काही नाहीये. उगाच माझ्या कामाला नावं ठेवू नकोस."

मुकादम खिडकीशी उभा होता. त्यानं बूटमोजे काढले, येऊन त्या जागेवरून पाय फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. त्याची मुद्रा मला आवडली नाही. तो म्हणाला, "पाणसळ, नीट बघ बरं. इथं उभा राहा."

भावोजी तिथं उभे राहिले. मला दिसत होतं, त्यांची टाच एका फरशीवर होती आणि चवडा दुसऱ्या, उंच फरशीवर. मध्ये तो काठ त्यांच्या तळव्यात रुतला होता. ते म्हणाले, "काच आहे, मुकादम. काच."

"हात लावून बघ."

ते खाली बसले आणि हात लावला. बोट लगेच थांबलं. त्यांनी बोट मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, पुन्हा थांबलं. मग उठून तिथंच पाय घासला. मग दुसरा पाय. सगळे बघत होते, म्हणून ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू विचारलं, "फरशी गार आहे का गं?"

मी म्हटलं, "गार आहे, भावोजी."

ते पुन्हा चालत सुटले, हॉलभर, डोळे उघडे ठेवून. मला वाटतं ते कुठंतरी काहीतरी लागेल म्हणून शोधत होते. तेवढ्यात मुकादम ओरडला, "लाल रंग कोणी सांडला इथं? उद्या ताबा द्यायचाय!" फरशीवर लाल ठिपके होते. एकेक पाऊल सोडून, एका ओळीत, भावोजी जिथून जिथून गेले तिथून तिथून. सगळे उजव्या पायाचे.

त्यांना खुर्चीत बसवून पाय वर केला तर तळव्यात फरशीच्या खोक्याचा खिळा होता, पार डोक्यापर्यंत आत गेलेला. कधीपासून होता कोण जाणे. भावोजींनी स्वतःच पक्कड मागितली, खिळा ओढून काढला आणि सगळ्यांना दाखवून म्हणाले, "बघा, दुखतसुद्धा नाही!" आणि हसले. त्यांच्या गमतीला कोणी हसलं नाही असं मी पहिल्यांदाच बघितलं.

जवळच्या डॉक्टरनं जखम धुतली, सुई टोचली आणि बजावलं की पाय अजिबात टेकायचा नाही. सांगायला सोपं. जो पाय दुखत नाही तो जपायचा कसा, हे माणसाला कोण शिकवणार? आपण ठणकतंय म्हणून लंगडतो, लंगडतो म्हणून जखमेला विश्रांती मिळते. भावोजी लंगडतच नव्हते. मी कामावरून आले की पट्टी मळलेली दिसायची. "फाटकापर्यंतच गेलो होतो." "मोरीत तर जायला पाहिजे ना?" मी आकांडतांडव केलं, त्यांच्या चपला जिन्यावर माझ्या खोलीत कोंडून ठेवल्या. ते अनवाणी गेले. पुढे मुकादमानं त्यांना कोठारात बसून सामान द्यायचं काम दिलं, तर तिथंही उठून फरशीची खोकी हलवायला लागले. बसून खायची त्यांना लाज वाटत होती.

जखमेचं तोंड मिटेना. कडा पांढऱ्या, टणक होत गेल्या आणि मध्ये भोक तसंच. मग करंगळी निळसर झाली. ताई म्हणाली, पट्टी घट्ट बसली असेल. मग ती काळी पडली. घरात एक वास यायला लागला आणि ताई मोरी धुवायला लागली. सकाळी धुवायची, दुपारी धुवायची, फिनेल ओतायची, खिडक्या उघड्या टाकायची. "खालची नळी तुंबली असेल," म्हणायची. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ताई, वास मोरीचा नाहीये." ती माझ्याकडे न बघता घासत राहिली. मला तिचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की मी खराटा तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच ती मोरी घासली.

मोठ्या इस्पितळात मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान होती, पण बोलायला स्पष्ट. तिनं पायाच्या पाठीवर बोटं ठेवून नाडी शोधली. बराच वेळ शोधली. मग जेलीसारखं काहीतरी लावून पेनाएवढं एक यंत्र फिरवलं. डाव्या पायावर यंत्रातून कसाबसा आवाज आला, रक्त वाहतं त्याचा. उजव्या पायावर नुसती खरखर.

"यांच्या पायातल्या नसा मेल्यात," ती म्हणाली, "म्हणून पायाला काही झालं तर यांना कळत नाही. आणि रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, म्हणून जखम भरायला लागतं ते तिथं पोचत नाही. घरात तारही तुटली आणि नळही बंद झाला, तसं आहे हे. तार पुन्हा जोडता येत नाही. नळ उघडतो का ते बघू. पण ते बोट आत्ता काढावं लागेल."

"काढायचं म्हणजे?" ताईनं विचारलं.

"कापायचं."

भावोजी उठून बसले. "डॉक्टर, ते दुखत नाही हो. जे दुखत नाही ते कापायचं कशाला?"

"दुखत असतं तर मला एवढी काळजी वाटली नसती."

त्यांना ते पटलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून ते समजावत राहिले, मला नाही, ताईला. दुखणं वाईट असतं, हे तर गप्प आहे. काळी पडलेली कातडी गळून जाईल, खाली नवी येईल. पायाचं बोट नसलं तर तोल जातो, तोल गेला तर फरशीवर चालणार कसं? आणि ताई मान हलवत होती! तिला त्यांच्या बोलण्यात तथ्य वाटत होतं असं नाही, तिला कापाकापीची भीती वाटत होती आणि ते भीतीला कारणं पुरवत होते. मी तिथं बसमधला आवाज काढला. म्हटलं, "बोट हवंय की पाय हवाय, ते ठरवा!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. डॉक्टरीण बाहेर आली आणि भावोजींना म्हणाली, "आज बोट गेलं तर पाय कदाचित वाचेल. पुढच्या वेळी याल तेव्हा मी बोटाबद्दल बोलणार नाही."

बोट तसंच ठेवून ते घरी आले. मी हात टेकले. दोन दिवस मी त्या दोघांशी बोलले नाही आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही, कारण ते एकमेकांना धीर देण्यात गुंतले होते.

तिसऱ्या सकाळी ताईची हाक ऐकून मी जिना उतरले तेव्हा भावोजी तापानं फणफणले होते. कप हातात दिला तर त्याचं काय करायचं ते त्यांना सुचेना. पाऊल सुजून लाल झालं होतं आणि लाली नडगीवर चढली होती. इस्पितळात डॉक्टरांनी जांघेतून तार घालून रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न केला. तार पुढे सरकली नाही. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्या दमलेल्या दिसत होत्या. 'मी म्हणाले होते तसंच झालं,' असं म्हणायचा त्यांना हक्क होता. त्या म्हणाल्या नाहीत. पाय गुडघ्याखाली कापला.

भावोजी घरी आले ते निराळेच. गमती संपल्या. खुर्चीत बसून राहायचे. ताईनं पाय धुवायला पाणी आणलं की एकच पाय पुढे करायचे आणि भिंतीकडे बघायचे. मी चिडवून बघितलं, मुद्दाम घर वाईट झाडून बघितलं. ते म्हणाले, "राहू दे गं." आमच्या घरात एवढं वाईट वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं.

मग मुकादम आला. फळं घेऊन आला होता आणि ती कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं. ती मांडीवरच धरून म्हणाला, "पाणसळ, लाकडी पाय बसव. मग ये. घासायचं काम नको तुला, नुसतं तपासायला ये. त्याला एक पाय पुरे."

चांगल्या मनाचा माणूस. खोटं बोलत होता की त्याला खरंच तसं वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही. पण भावोजींनी मान वर केली. "एक पाय पुरे," ते म्हणाले. "उजव्यापेक्षा डावाच तिखट होता माझा, मुकादम. तुम्हाला आठवत असेल."

त्या दिवसापासून घरात डाव्या पायाचं कोडकौतुक सुरू झालं. कुबड्या घेऊन भावोजी खोलीत फिरायचे आणि पाय जमिनीवरून घासत न्यायचे. "इथं वाळू आहे. इथं ओलं आहे." ताई टाळ्या वाजवायचीच बाकी असायची. "अगदी बरोबर! अहो, आत्ताच पुसलंय मी तिथं." पुसलंय ते त्यांना दिसतही होतं, पण मी गप्प बसायचे. ते पुन्हा जेवायला लागले होते, साखरेच्या गोळ्या वेळेवर घेत होते, सिगारेट खरोखर सुटली होती. एवढी वर्षं आम्ही जे ओरडून मागत होतो ते सगळं ते आता आपणहून करत होते. एकदा ताई मला जिन्यावर गाठून म्हणाली, "डावा पाय चांगला आहे त्यांचा. डॉक्टरसुद्धा म्हणतील बघ." म्हणताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला ते सोडवून घ्यावं लागलं.

नवा पाय बसवण्याआधी उरलेला पाय तपासावा लागतो, कारण सगळा भार त्याच्यावर येतो. इस्पितळात त्यासाठी वेगळी खोली आहे. एक वयस्कर नर्स होती. तिच्या हातात लहानशी दांडी, तिच्या टोकाला मासे पकडायच्या दोऱ्यासारखा एक ताठ धागा. तिनं भावोजींना टेबलावर आडवं केलं, डाव्या पायाचा मोजा काढला आणि सांगितलं, "डोळे मिटा. मी धागा टेकवला की 'हो' म्हणायचं. घाई नाही."

ताई त्यांच्या उशाशी स्टुलावर बसली, त्यांचा हात आपल्या हातात घेऊन. मी पायाशी उभी होते.

नर्सनं अंगठ्याला धागा टेकवला. थोडासा वाकेपर्यंत दाबला.

"हो," भावोजी म्हणाले.

करंगळीखाली. "हो." चवड्यावर. "हो." टाचेजवळ. "हो." एकही चुकलं नाही. आवाज अगदी पूर्वीसारखा, 'हिला पुन्हा घ्या' म्हणायचे तसा. नर्स माझ्याकडे बघून हसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा एक पाय तरी वाचला. मी मनातल्या मनात त्या दोघांची माफी मागायला लागले होते, आणि माफी मागताना माझी नजर ताईवर गेली.

ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती नर्सच्या हाताकडे बघत होती, डोळ्यांत तेल घालून. धागा पायाला टेकला की तिची बोटं मिटत होती. भावोजींचा हात तिच्या मुठीत होता.

नर्सनं धागा पुन्हा टेकवला. ताईची मूठ आवळली. "हो," भावोजी म्हणाले.

मला वाटलं, गप्प राहावं. लाकडी पाय मिळेल, ते कामावर जातील, लोक म्हणतील पाणसळ आला. आणि मग या पायात एखादा खिळा जाईल. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि हळूच म्हणाले, मला जेवढं हळू बोलता येतं तेवढं, "ताई, हात सोड."

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढी वर्षं मी तिची धाकटी बहीण आहे, तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग तिनं त्यांचा हात टेबलावर ठेवला आणि आपले दोन्ही हात मांडीत घेतले.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. शेवटपर्यंत प्रामाणिकपणे मिटलेले. ताईच्या मुठीला आपण ऐकत होतो की पायाला, हे त्यांना तरी माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं.

"काही नाही," नर्स म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. "पुन्हा पहिल्यापासून करू या. टेकवला की हो म्हणा."

"बरं."

तिनं अंगठ्याला धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. मग करंगळीखाली. मग चवड्यावर एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग मधोमध. मग तळव्याच्या खोलगट भागात. मग टाचेवर, एकदा हळू, एकदा जोरात. भावोजी मान थोडी वर करून, लक्ष देऊन पडून होते, ओठ 'हो' म्हणायच्या तयारीत. नर्सनं दांडी बाजूच्या ताटलीत ठेवली आणि त्यांचा मोजा हातात घेतला.

"सिस्टर," भावोजी म्हणाले, "करा ना सुरू."